नेट आहे, पण येत नाही

घरातलं माणूस आजारी पडलं तर आपण डॉक्टर शोधतो. नेट बंद पडलं तर आरोपी शोधतो. ‘राउटरला कोणी हात लावला होता?’ हा पहिला प्रश्न, आणि तो विचारताना आवाज असा लागतो की ज्याने हात लावला नाही तोही दोन पावलं मागे सरकतो. संशयित ठरलेले असतात: केर काढायला येणाऱ्या मावशी, सुट्टीला आलेला भाचा, आणि मोबाइल चार्ज करायला रिकामा प्लग शोधत फिरणारा कोणीतरी, जो सापडत कधीच नाही. साक्षीही ठरलेल्या. ‘कालपर्यंत छान चालत होतं’ ही त्यातली सगळ्यात लोकप्रिय. जगातली प्रत्येक बिघडलेली वस्तू कालपर्यंत छान चालत असते, त्यामुळे या साक्षीतून तपासाला काडीचाही उपयोग होत नाही. पण ती नोंदवल्याशिवाय घर पुढे सरकत नाही.

खरं तर विचारायचा प्रश्न एकच असतो: सगळ्यांचं गेलंय की एकाचंच? सगळ्यांचं गेलं असेल तर घोटाळा राउटरमध्ये किंवा त्याच्या पलीकडे. एकाचंच गेलं असेल तर घोटाळा त्याच्या यंत्रात. एवढ्या एका प्रश्नाने निम्मं काम होतं. पण तो विचारला तर कोणावर ओरडता येत नाही, म्हणून विचारला जात नाही.

दुसरी अडचण म्हणजे आपण दोन वेगळ्या गोष्टींना मिळून ‘नेट’ म्हणतो. फोनपासून हॉलमधल्या राउटरपर्यंत जातं ते वायफाय. राउटरपासून पुढे साऱ्या जगापर्यंत जातं ते इंटरनेट. आईच्या फोनवर भजन मध्येच थांबतं तेव्हा ती फोन माझ्या डोळ्यांसमोर धरते. ‘अरे, सगळ्या दांड्या आहेत की! मग का थांबलं?’ आता त्या दांड्या हॉलमधला राउटर जवळ आहे एवढंच सांगतात. त्याच्या पुढची वायर गल्लीच्या तोंडाशी जेसीबीने मुळासकट उपटली असली तरी दांड्या पूर्णच दिसणार. मी हे तिला समजावून सांगतो. ती शांतपणे ऐकून घेते आणि म्हणते, ‘मग या दांड्या दाखवायच्याच कशाला?’ यावर माझ्याकडे उत्तर नाही. फोन बनवणाऱ्यांकडे तरी असावं.

ती पुढची वायर हा एक वेगळाच विषय आहे. ऑप्टिकल फायबर म्हणजे आत काचेचा धागा, त्याचा व्यास १२५ मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा आठवा हिस्सा. त्यातून प्रकाश धावतो. धागा फार तीव्र कोनात वाकला की प्रकाश वळणावर बाहेर गळतो आणि आत काही पोहोचत नाही. एवढी नाजूक वस्तू आपल्याकडे पाण्याच्या टाकीला वळसा घालून, आंब्याच्या फांदीवर विसावून, तिसऱ्या मजल्यावरच्या काकांच्या ग्रिलमधून आत शिरून, दाराच्या फटीत चिरडत दिवाणखान्यात येते. वाराणसीत २०१५ साली घाटांवरच्या फायबरच्या वायरी माकडं कुरतडत होती आणि कंपनीवाले हतबल झाले होते. आमच्या सोसायटीत माकडं नाहीत. पण गच्चीवर वाळवणं घालणारी मंडळी आहेत, आणि वायरीवर कुंडी ठेवायला माकडच लागतं असं नाही.

फायबरमधून प्रकाश येईनासा झाला की खोक्यावरचा एक दिवा लाल होतो. त्याच्याखाली बहुधा ‘एलओएस’ असं लिहिलेलं असतं. हा दिवा लाल झाला की घरात बसून काहीही करण्यासारखं उरत नाही. वायरीचं टोक नीट बसलंय का, वायर कुठे दुमडली तर नाही, एवढं बघावं आणि तक्रार नोंदवावी. पण तक्रार नोंदवायची म्हणजे फोनवरच्या मुलीला आधी दिवे समजावून सांगावे लागतात.

‘सर, राउटरवर कोणकोणते दिवे लागलेत?’

‘दोन हिरवे आहेत, एक लुकलुकतोय आणि एक लाल आहे.’

‘लाल दिव्याखाली काय लिहिलंय, सर?’

आता ती अक्षरं मुंगीच्या पायाएवढी, काळ्या खोक्यावर करड्या शाईत, आणि खोकं टीव्हीच्या मागे. वाचायला बॅटरी हवी, बॅटरी फोनमध्ये, आणि फोन कानाला. शेवटी बायको तिच्या फोनचा उजेड पाडते, मुलगा वाचून दाखवतो, मी तेच फोनवर मोठ्याने सांगतो.

‘ओके सर. एकदा राउटर बंद करून चालू करा.’

‘केला मघाशी.’

‘परत एकदा करा, सर.’

हा संवाद सगळ्या कंपन्यांत सारखाच होतो, त्यामुळे कोणा एकीला नावं ठेवण्यात अर्थ नाही. शिवाय त्या मुलीचा बंद-चालूचा सल्ला कितीही संताप आणणारा असला तरी बऱ्याचदा बरोबर असतो, हे जास्त चीड आणणारं आहे. राउटर हा एक छोटा संगणकच असतो. स्मृती बेताची, पंखा नाही, वर्षभर दिवसरात्र चालू. घरातल्या प्रत्येक यंत्राचं बाहेर कोणाशी बोलणं चाललंय याची यादी तो ठेवत राहतो. यादी फुगते, डोकं तापतं आणि तो अडखळायला लागतो. बंद केला की यादी पुसली जाते. आईचा पहिल्यापासून आग्रह असतो, ‘जरा गार होऊ दे रे त्याला.’ मी इंजिनिअर असून मला जे सांगता येत नाही ते ती इंजिनिअर नसून अचूक सांगते. पंधरा-वीस सेकंद थांबायचं ते एवढ्यासाठी की आत साठलेली वीज पूर्ण उतरावी. आपण मात्र प्लग काढून लगेच घालतो आणि उपाय फसला म्हणून जाहीर करतो.

या रामबाण उपायात खोट एकच. बंद-चालू केल्याने दोष जातो आणि त्याच्याबरोबर पुरावाही जातो. नेट का गेलं होतं हे कोणालाच कळत नाही. त्यामुळे पुढच्या वेळी पुन्हा त्याच मावशी, तोच भाचा.

राउटर कुठे ठेवायचा हे आपण ठरवत नाही. ते वायर जोडायला आलेला मुलगा ठरवतो, आणि तो जिथे वायर संपते तिथे ठेवतो. ‘काका, इथे बेस्ट येईल,’ असं म्हणून तो निघून जातो. ‘इथे’ म्हणजे घराचा एक टोकाचा कोपरा, जिथून निम्मा सिग्नल रस्त्यावरच्या रिक्षावाल्यांना मिळतो. मग तिथला राउटर दिसायला बरा नाही म्हणून बायको त्याला शोकेसमध्ये ढकलते, वर क्रोशाचा रुमाल घालते, एका बाजूला माशांची पेटी आणि दुसऱ्या बाजूला लोखंडी कपाट. धातू लहरी परतवतो, पाणी त्या शोषून घेतं. रुमाल त्यातल्या त्यात निरुपद्रवी. तो फक्त उष्णता कोंडतो.

भिंतींचं काय सांगावं! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जगदीशचंद्र बोसांनी कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये बिनतारी लहरी भिंतींतून, एवढंच काय, वाटेत बसलेल्या लेफ्टनंट गव्हर्नरच्या देहातून आरपार पाठवून दूर ठेवलेली घंटा वाजवून दाखवली होती. गव्हर्नर चांगले भरदार असावेत. आमच्या राउटरच्या लहरींना मात्र हॉल आणि मागच्या बेडरूममधली बाथरूमची भिंत ओलांडता येत नाही. त्या भिंतीत सळ्या आहेत, पाइप आहेत, वर फरश्या आहेत आणि फरशीवर आरसा आहे. जुन्या वाड्यांच्या हातभर जाड भिंतींत किंवा कोकणातल्या चिऱ्याच्या घरांत तर पडवीतलं नेट माजघरात पोहोचलं तर नारळ फोडावा.

राउटरला अँटेना असतात आणि माणसाला वाटतं त्या रोखायच्या असतात. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी आपल्या राउटरच्या चारही अँटेना बेडरूमच्या दिशेने आडव्या रोखून ठेवल्यात, कारण तिथेच नेट येत नाही. वस्तुस्थिती अशी की अशा दांडीच्या बाजूंनी लहरी जोरात पसरतात आणि टोकाच्या दिशेने सगळ्यात कमी जातात. म्हणजे जिथे नेट येत नाही नेमका तिथेच काकांनी ते न येण्याचा पक्का बंदोबस्त केला आहे. मी त्यांना हे सांगितलं. ‘मी चाळीस वर्षं टीव्हीचा अँटेना फिरवलाय,’ असं म्हणून त्यांनी मला चहा दिला.

मग येतो पाचचा घोटाळा. बहुतेक राउटर दोन पट्ट्यांवर बोलतात, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिल्याची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटरची, जरा दूर जाणारी, भिंती सोसणारी, पण मंद. दुसऱ्याची लहर तिच्या निम्मी, चपळ, पण भिंत दिसली की दम टाकणारी. घरोघरी याची दोन नावं दिसतात, एक नुसतं आणि एक शेपटीला ‘५जी’ लावलेलं, आणि घरातल्या ज्येष्ठांची खात्री असते की हे मोबाइलवालं ५जी आहे. त्याचा याच्याशी संबंध नाही. पण नाव मोठं म्हणून सगळे तिकडेच जोडून बसतात आणि मागच्या खोलीत जाऊन नेट येत नाही म्हणून ओरडतात.

यातला खरा विनोद ऑनलाइन मागवलेल्या स्मार्ट दिव्यांनी केला आहे. बऱ्याच स्मार्ट दिव्यांना, प्लगांना फक्त २.४ची भाषा कळते. दिवा २.४वर वाट बघतो, फोन ५वर शोधतो, आणि दोघं एकाच खोलीत असून भेट होत नाही. राउटरने दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेलं असेल तर फोनला मुद्दाम मंद पट्ट्यावर आणणं आणखी कठीण. त्यावर एक नामी उपाय आहे आणि तो खरोखर चालतो: फोन घेऊन इतकं लांब जायचं की ५ची लहर पोहोचूच नये. म्हणून रात्री साडेनवाला मी जिन्याच्या मधल्या वळणावर उभा, बायको दारात, मुलगा आत टेबलावर चढून दिव्यापाशी. ‘लुकलुकतोय का?’ ‘लुकलुकतोय!’ ‘आता?’ ‘आता थांबला!’ खालून वर येणाऱ्या वॉचमनने विचारलं, ‘साहेब, लाइट गेली का?’ भिंतीवरचं बटण दाबून लागणारा दिवा आता फोनवरून लागावा यासाठी हा खटाटोप चाललाय, हे त्याला सांगण्याचं धैर्य माझ्यात नव्हतं.

माझ्या मेहुणीकडे तर नेटवर्कवरून दिवाळसण धोक्यात आला होता. साडूंनी कुठेतरी वाचलं की बाहेरच्यांना घरचा पासवर्ड देऊ नये, त्यांच्यासाठी राउटरवर वेगळं ‘गेस्ट’ नेटवर्क करावं. सल्ला उत्तम आहे. त्यांनी तो पाळला. नवे जावई आले, त्यांना तो पासवर्ड दिला. जावई फराळानंतर लग्नाचे फोटो टीव्हीवर दाखवायला बसले, तर त्यांच्या फोनला टीव्ही दिसेचना. गेस्ट नेटवर्कची गंमत हीच की त्यावरच्या यंत्राला बाहेरचं सगळं जग दिसतं, घरातलं काही दिसत नाही. ते त्याच्याचसाठी असतं. साडूंनी मोठ्या उत्साहाने हे सगळं जावयांना समजावून सांगितलं. मुलगी मात्र ‘बाबा, तुम्ही ह्यांना गेस्टमध्ये टाकलंत?’ एवढंच म्हणून स्वयंपाकघरात गेली. मग आतून बोलावणं आलं आणि साडूंना सुरक्षिततेच्या सर्व नियमांना तिलांजली द्यावी लागली. आता जावई घरच्या नेटवर्कवर आहेत. व्याही अजून गेस्टवर आहेत, पण त्यांना ते माहीत नाही.

शेजाऱ्यांचा त्रास वेगळाच. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात २००५ साली परवानामुक्त झाला, म्हणून आपण कोणाला न विचारता घरात राउटर लावू शकतो. शेजारीही लावू शकतात, आणि त्यांनी लावले आहेत. या पट्ट्यात एकमेकांत न मिसळणाऱ्या वाहिन्या तीनच निघतात, १, ६ आणि ११, आणि एका विंगमध्ये राउटर तीस. त्यातून मायक्रोवेव्हही याच पट्ट्यात काम करतो. मुलाखत ऑनलाइन चालू असताना स्वयंपाकघरात कोणी कालची आमटी गरम केली की उमेदवाराचं तोंड उघडं राहून चित्र गोठतं. त्यावर लोक एक्सटेंडर विकत आणतात आणि जिथे नेट अजिबात येत नाही तिथे नेऊन लावतात. जे येतच नाही ते तो बिचारा वाढवणार कसं? तो अर्ध्या वाटेवर लावायचा असतो. अर्ध्या वाटेवर प्लग नसतो, हे ओघाने आलंच.

आता प्रिंटर. इथे थोडं थांबायला हवं, कारण सगळ्यांना पुरून उरलेलं यंत्र ते हेच.

घरातल्या प्रत्येक यंत्राला राउटर एक पत्ता देतो, १९२.१६८ने सुरू होणारा. हे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवणारा दस्तऐवज १९९६चा आहे. म्हणजे दादरच्या आमच्या राउटरचा आणि दुबईतल्या माझ्या भावाच्या राउटरचा पत्ता एकच असू शकतो आणि दोघांचंही काही अडत नाही, कारण हे आकडे उंबऱ्याच्या आतच चालतात. पण पत्ता कायमचा मिळत नाही. राउटर घरमालक, यंत्रं भाडेकरू, आणि मधला करार आपल्याकडच्या अकरा महिन्यांच्या करारासारखा मुदतीचा. फक्त इथली मुदत अनेकदा एका दिवसाची. वेळेत नूतनीकरण केलं तर तीच खोली. पण राउटर बंद-चालू झाला की स्वस्तातल्या घरमालकांना जुने करार आठवत नाहीत आणि पहिल्यांदा दार वाजवेल त्याला पहिली खोली मिळते. प्रिंटर जागा व्हायला वेळ घेतो. तोवर त्याच्या खोलीत मुलाचा फोन राहायला गेलेला असतो. संगणक मात्र कागद घेऊन जुन्याच पत्त्यावर जातो, तिथे प्रिंटर भेटत नाही, आणि तो ‘ऑफलाइन’ असा शेरा मारून परत येतो. शेजारच्या टेबलावर प्रिंटर हिरवा दिवा लावून ताटकळत बसलेला असतो.

थोडक्यात, आईचा गार करण्याचा उपाय फोनला लागू पडतो आणि प्रिंटरला बाधतो. आणि गरज कशाची असते? विमानाचा बोर्डिंग पास, शाळेचा प्रोजेक्ट, सोसायटीची ना-हरकत. गरज नसताना तोच प्रिंटर मध्यरात्री कधीतरी आपण होऊन घुरघुरतो आणि तीन दिवसांपूर्वीचा बोर्डिंग पास छापून देतो.

यावर इलाज आहे. राउटरच्या पानावर जाऊन प्रिंटरच्या नावाने एक पत्ता कायमचा राखून ठेवायचा. पाच मिनिटांचं काम. पण त्या पानाचा पासवर्ड वायफायचा नसतो, तो वेगळा असतो, तो वायर जोडून गेलेल्या मुलाला माहीत असतो, आणि त्या मुलाने दरम्यान नोकरी बदललेली असते.

त्या पानावर ज्यांना शिरता येतं तेही फार सुखी आहेत असं नाही. एका मित्राने मोठ्या हुशारीने रात्री दहानंतर मुलाच्या फोनचं नेट बंद होईल अशी सोय केली. राउटर प्रत्येक यंत्राला त्याच्या मॅक क्रमांकावरून ओळखतो, तो क्रमांक त्याने बंदीच्या यादीत घातला. आठवडाभर समाधानात गेला. मग कळलं की हल्लीचे फोन, साधारण २०१९-२०पासूनचे, खासगीपणा जपण्यासाठी खोटा मॅक क्रमांक धारण करू शकतात. मुलाने एक बटण सरकवलं, नवा क्रमांक घेतला, आणि राउटरने अनोळखी सज्जन म्हणून त्याचं स्वागत केलं. मित्र आता रात्री दहाला प्लगच काढतो. सकाळी त्याचा प्रिंटर कोणाला सापडत नाही.

तेव्हा वाचकहो, फार खोलात शिरू नका. राउटर बदलायची वेळ आली तर नव्याला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या. घरातली बहुतेक यंत्रं आपसूक जोडली जातील आणि तुम्हाला जिन्यात उभं राहावं लागणार नाही. राउटरच्या प्लगवर ‘काढू नये’ अशी चिठ्ठी मराठीत चिकटवा. जे यंत्र जागचं हलत नाही, टीव्ही किंवा टेबलावरचा संगणक, त्याला सरळ वायर लावा. आणि प्रिंट तातडीने हवी असेल तर घरी वेळ न दवडता कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे जा. त्याचा प्रिंटर वायरने जोडलेला आहे. फाइल मात्र त्याला मोबाइल डेटावरून पाठवा.